तक्रार नसलेला गाडीवान

वेळ भर दुपारची, सूर्य डोक्यावर. महिना वैशाख. जागा बंदर आणि राजधानी यांच्या बरोबर मध्यावरचा नाका. साल कोणालाच आठवत नाही, इतकी जुनी ही गोष्ट आहे. पण लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी मान खाली घालून ऐकावी, अशी आहे.

त्या राज्यात मालाची ने-आण करणाऱ्या पूर्वी पुष्कळ लहान पेढ्या होत्या. त्या एकेक करून बुडाल्या, काही बुडवल्या गेल्या, आणि एकच मोठी पेढी उरली. तिच्या नऊशे बैलगाड्या बंदरातले मीठ आणि सुकी मासळी राजधानीला नेत.

वाटेत पाच नाके होते. प्रत्येक नाक्यावर दमलेली बैलजोडी सोडायची आणि ताजी जुंपायची, असा पेढीचा नियम. सोडलेले बैल सावलीत बसून वैरण खात. गाडीवान मात्र तोच पुढे जाई. बैल विकत आणावा लागतो, माणूस आपण होऊन दारात येऊन उभा राहतो, असा त्यामागचा विचार होता. हे कोणी लिहून ठेवले नव्हते. लिहायची गरजच नव्हती.

म्हणून गाडीवान चालत्या गाडीत झोपायला शिकले. बैलांना आपापला टप्पा पाठ असे. त्यातून एक रीत पडली. समोरच्या गाडीचा गाडीवान झोपलेला दिसला, तर जागा असणाऱ्याने आपली गाडी बाजूला घ्यायची आणि हाक मारायची नाही. एका दमलेल्या माणसाला दुसरा दमलेला माणूस एवढेच देऊ शकत होता.

त्या दुपारी मधल्या नाक्यावरच्या चिंचेखाली तीस गाडीवानांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. मागणी एकच होती. या नाक्यावर प्रत्येकाला एक प्रहर विसावा मिळावा. मागणी करणाऱ्यांत पुढे होता सटवाजी, पिकल्या मिशांचा, चाळीस वर्षे जू पाहिलेला.

पेढीचा मुनीम येईपर्यंत बोलणी चालली होती.

"लहान पेढीत बरं होतं," एक जण म्हणाला. "मजुरी कमी, पण अमावास्येला घरी."

"आणि खेप नसली की महिनाभर घरी," दुसरा म्हणाला. "तिसऱ्या दिवशी बायको विचारायची, जाताय ना कुठंतरी?"

"माझं उलटं आहे. परवा घरी गेलो, तर धाकटं आईला विचारतं, हे पाहुणे किती दिवस राहणार?"

सगळे हसले. हसणे लगेच विरले, कारण तसे पाहुणे तिथे सगळेच होते.

"गोदामाच्या दारात दोन दोन प्रहर ताटकळतो, त्याचं बोला की," एक जण म्हणाला. "खेपेची मजुरी देतात. उभं राहण्याची कोण देणार?"

"ते नंतर भांडू," सटवाजी म्हणाला. "आधी डोळा मिटायला जमीन द्या म्हणावं. हलती फळी नको."

मुनीम आला तो छत्री घेऊन. चिंचेच्या सावलीतही त्याने ती मिटली नाही.

"सटवाजी," तो म्हणाला, "इतरांनी बोलावं, तू बोलू नयेस. तुझा सख्खा भाऊ बघ. रखमाजीची एकही खेप आजवर उशिरा आली नाही. एक शब्द नाही, एक तक्रार नाही. शेठजींनी काल हुकूम काढला, रखमाजीची गाडी जितक्या वेळात पोचते तितक्याच वेळात सगळ्यांच्या गाड्या पोचल्या पाहिजेत."

 सटवाजीला घाव नेमका बसला. धाकट्या रखमाजीने पेढीकडून हप्त्यावर गाडी घेतली होती. ओळीने तीस खेपा वेळेवर केल्या, की गाडी त्याची होणार होती. पंधरा दिवसांपूर्वी याच चिंचेखाली तो म्हणाला होता, "दादा, तुम्ही थांबा. मला थांबून चालायचं नाही." आणि सटवाजी रागाने म्हणाला होता, "मग यापुढं माझ्याशी बोलू नकोस."

तेव्हापासून रखमाजी बोलला नव्हता. गेल्या चार दिवसांत दोनदा त्याची गाडी समोरून आली. तोंडावर उपरणे ओढून तो बसल्या जागी झोपलेला. सटवाजीने दोन्ही वेळा रीतीप्रमाणे आपली गाडी बाजूला घेतली होती. मनात मात्र आले होते, सोंग करतोय. माझं तोंड बघायचं नाही त्याला.

"तो काही बरा दिसत नाही हो," पाणपोईची म्हातारी मधेच म्हणाली. "परवा गेला तेव्हा पाणी घेतलं नाही त्यानं. मी तांब्या वर धरून उभी. त्याच्या आधीच्या फेरीला दोन तांबे प्यायला, म्हणाला, आजी, छातीत जळजळतंय."

"तू पाणी बघ आजी," मुनीम म्हणाला. "ती बघ आलीच गाडी. विचारू त्यालाच."

बंदराकडच्या वाटेवर धूळ उठली. गाडी येत होती, एका चालीने, ना हळू ना जलद. वारा नव्हता. चिंचेवरचे कावळे उडून गेले. वैरण खात बसलेले बैल एकामागून एक उठले आणि त्यांनी वाटेकडे पाठ केली. गाडीमागे पाच-सहा कुत्री चालत होती. त्यांच्यातले एकही भुंकत नव्हते.

सुक्या मासळीचा वास पुढे आला, मग गाडी. मिठाच्या पोत्यांना टेकून रखमाजी बसला होता. अंगावर घोंगडी, तोंडावर उपरणे.

"रखमाजी!" मुनीम ओरडला. "तुला विसावा पाहिजे का रे?"

नाक्याच्या तोंडाशी फरशी खचलेली होती. चाक तिच्यात उतरले आणि वर चढले. रखमाजीची मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे गेली.

"बघा!" मुनीम म्हणाला. "नको म्हणतोय. आणखी काय पाहिजे?"

गाडीवान एकमेकांकडे पाहू लागले. दोघे तिघे उठून आपापल्या गाड्यांकडे निघालेही. ज्याचा सख्खा भाऊ फुटला, त्याच्या भरवशावर पोट कोण टांगणार?

गाडी थांबली. नोकरांनी जोडी सोडली, ताजी आणली. नवे बैल जुवाखाली यायला तयार होईनात. त्यांच्या शेपट्या पिळाव्या लागल्या. नाक्याचा कारकून शाईची डबी आणि कागद घेऊन गाडीत चढला, वाकला, लगेच उतरला. गाडीवान पोचल्याची खूण म्हणून प्रत्येक नाक्यावर आणि दोन्ही टोकांच्या गोदामांत त्याचा अंगठा घेत.

"ठीक," कारकून म्हणाला. तो कोणाकडेही न बघता पाणपोईवर गेला आणि हात धुऊ लागला. बराच वेळ धूत राहिला.

"हाका गाडी!" मुनीम म्हणाला.

सटवाजीने पुढे होऊन जू धरले.

"मुनीमजी, परत एकदा विचारा."

"काय विचारा? सगळ्यांदेखत नाही म्हणाला तो."

"तेव्हा गाडी हलत होती. आता उभी आहे. आता विचारा."

मुनीम हसला. त्याने विचारले, "रखमाजी, विसावा पाहिजे का?"

उत्तर आले नाही. मान हलली नाही. उपरण्याचे टोक नाकासमोर लोंबत होते, तेही हलत नव्हते. तीस माणसे ते टोक हलण्याची वाट बघत उभी राहिली.

"रखमा," सटवाजी म्हणाला. "अरे, मी चुकलो. बोल माझ्याशी."

मग त्याने रीत मोडली. झोपलेल्या माणसाच्या तोंडावरचे उपरणे काढले.

उन्हाने आणि मिठाने रखमाजी वाळून गेला होता. डोळे उघडे होते आणि त्यांवर धूळ बसली होती. सटवाजीने त्याचा उजवा हात हातात घेतला. हात लाकडासारखा होता. अंगठ्यावरची शाई ओली होती.

नाक्यावरचा वैद्य बोलावला. त्याने पाहिले आणि सांगितले, चार दिवस झाले. म्हणजे म्हातारीच्या हातचे दोन तांबे पाणी पिऊन तो पुढे गेला, त्यानंतर तासाभरात. तिथून गाडी राजधानीला गेली, परत फिरली, बंदराला गेली, माल भरून इथवर आली. एकही खेप उशिरा झाली नाही. नऊशे गाडीवानांनी ज्याच्यासारखे व्हावे असे शेठजींना वाटत होते, तो माणूस हा होता.

ते दोघे तिघे परत आले आणि त्यांनी बैल सोडले. त्या दिवशी मधल्या नाक्यावरून एकही गाडी हलली नाही. बातमी दोन्ही बाजूंना गेली, तशा पुढच्या-मागच्या गाड्या थांबल्या. राजधानीत नवव्या दिवशी मीठ संपले. अळणी जेवण राजवाड्यात पोचले तेव्हा राजाने चौकशी लावली. त्याआधी लावली नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.

गाडीवानांना विसावा मिळाला. पाचही नाक्यांवर, एकेक प्रहर. शेठजींनी नाक्यांवर पाट्या लावल्या, की पेढीने दयाबुद्धीने ही सोय केली आहे. कारकुनांच्या पगारातून त्या पाट्यांचा खर्च कापला की नाही, ते मला ठाऊक नाही. कापला असेल.

सटवाजी पुढे सात वर्षे गाडी हाकत होता. समोरच्या गाडीत कोणी झोपलेला दिसला, की तो बाजूला होत नसे. वाट अडवून हाका मारी. झोपमोड झालेला गाडीवान त्याच्या नावाने शिवी हासडी. ती नीट ऐकू आली, की मगच सटवाजी आपली गाडी बाजूला घेई.

चौकशीत बारा कागद निघाले. रखमाजीच्या मरणानंतरचे बारा अंगठे, पाच नाक्यांवरचे आणि दोन गोदामांतले, सगळे स्वच्छ उमटलेले. सात कारकुनांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारले. सातही जणांनी शपथेवर एकच वाक्य सांगितले, "हात त्यानं स्वतः पुढं केला."

बोध एवढाच, की ज्याची तक्रार नाही तो सुखी आहे असे म्हणण्याआधी तो जिवंत आहे का ते पाहावे.

सात कारकून पुन्हा आपापल्या जागी बसले. तो हात बारा वेळा कोणी उचलला, हे आजवर कोणी सांगितलेले नाही.