अच्युतरावांची खळ

ओढ्याकाठच्या एका गावात अच्युतराव नावाचे एक खोकेवाले राहत. गावात कुठे लग्न असो, बारसं असो, पेढ्यांचे आणि लाडवांचे पुठ्ठ्याचे खोके त्यांच्याच पडवीतून जायचे. माणूस कष्टाळू, शब्दाचा पक्का. खोड एकच. आपल्याला जे कळतं ते घरात दुसऱ्या कोणाला कळत नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटे.

त्या घरात सगळ्यांनाच वाचनाचं वेड होतं, आणि प्रत्येकाचं वेड निराळं. अच्युतरावांना साधुसंतांची चरित्रं लागत. त्यांच्या बायकोला, मनोरमाबाईंना, कादंबऱ्या लागत, त्यातही प्रेमाच्या. धाकटा भाऊ विश्राम खून-दरोड्यांच्या रहस्यकथांवर जीव टाकी. आणि लेक शालन, एवढीशी पोर, तिला भुतांशिवाय काही गोड लागत नसे. गुरुवारी दुकान बंद. त्या संध्याकाळी चौघं चहा घेऊन बसत आणि जो तो आपलं आवडतं पुस्तक दुसऱ्याच्या हाती देई. घेणाऱ्यानं ते वाचायचं आणि पुढच्या गुरुवारी खरंखरं मत सांगायचं. न वाचता नाक मुरडायचं नाही, हा नियम अच्युतरावांच्या वडिलांनीच घालून दिलेला. त्यामुळे विश्राम भुतांच्या गोष्टी वाची, शालन आईच्या कादंबऱ्या वाची, आणि मनोरमाबाई भाजी निवडता निवडता खुनी कोण ते ओळखत. मोठी मौज होती त्या घरात!

अच्युतरावांना मात्र याची धास्ती वाटे. लेकीच्या हातात प्रेमकथा? भावाच्या हातात खून? यातून उद्या काय निघेल! वाचू नका म्हणावं, तर वडिलांचा नियम मोडतो. मग त्यांनी एक युक्ती काढली. पुस्तकवाल्याकडून नवं पुस्तक घरात आलं, की ते आधी वडीलधाऱ्याच्या हाती जाई. दुपारी सगळे आडवे झाले, की अच्युतराव ते चाळायचे. नको ते काही दिसलं, की खळ लावून ती पानं एकमेकांना चिकटवून टाकायचे. खोकेवाल्याचा हात तो! सांधा म्हणून कुठे दिसायचा नाही.

दुकानातल्या खळीत ते न चुकता मोरचूद घालत. त्यानं कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी, आणि शालनला तर बोट जिभेला लावून पान उलटायची सवय. म्हणून पुस्तकांसाठी त्यांनी मैद्याची साधी खळ वेगळी शिजवली. बघा, लेकीची काळजी किती!

आता गुरुवारच्या बैठकीत नाना तऱ्हा होऊ लागल्या.

"काय बाई ही कादंबरी!" मनोरमाबाई म्हणाल्या. "या पानावर नायिका रुसून बसलीय, आणि उलटावं तर तिच्या मुलाचं बारसं!"

"माझ्या पुस्तकात खुनी सापडतो," विश्राम म्हणाला. "मेलं कोण, ते मात्र शेवटपर्यंत कळत नाही."

शालन तर रडकुंडीलाच आली. "बाबा, भूत दार वाजवतं, आणि पुढच्या पानावर सगळे जेवायला बसलेत. भूत आत आलं की नाही?"

"छापखान्यातच चिकटली असतील पानं," अच्युतराव चहाचा घोट घेत म्हणाले. "दोन पानं नसली म्हणून काय बिघडतं? पुस्तक ते पुस्तकच."

पानं ओढून सोडवावीत, तर टरकन फाटत. हळूहळू त्या बैठकीचा रंग उतरला. ज्याचं आपल्यालाच धड काही कळलं नाही, ते पुस्तक दुसऱ्याला 'वाच' म्हणून कोणत्या तोंडानं द्यायचं? विश्राम गुरुवारी बाहेर फिरायला जाऊ लागला. मनोरमाबाईंनी विणकाम काढलं. अच्युतरावांना वाटलं, चला, घर मार्गाला लागलं.

त्यांचं स्वतःचं एक खास पुस्तक होतं. एका नावाडी साधूचं चरित्र. मुंजीत वडिलांनी दिलेलं. ते छापणारा छापखाना कधीच बंद पडला होता, दुसरी प्रत मिळायची सोय नव्हती. लाल कापडात बांधून ते घरातल्या सगळ्या पुस्तकांच्या कपाटातच, वरच्या फळीवर ठेवलेलं असे. दसऱ्याला गाठ न सोडताच त्याला हळदकुंकू वाहायचं आणि पुन्हा ठेवून द्यायचं. आजवर त्यांनी ते कोणाला दिलं नव्हतं. शालन मोठी होईल, एक दिवस आपणहून मागेल, तेव्हा तिच्याच हाती द्यायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. जन्मभराची एवढीच एक हौस होती त्या माणसाला.

आणि एका गुरुवारी शालन म्हणाली, "बाबा, माझ्या भुतांचं काही खरं नाही. मला तुमचं ते लाल कापडातलं पुस्तक द्या ना."

अच्युतराव लगेच उठले. त्यांनी हातपाय धुतले. कपाट उघडलं. बोचकं दोन्ही हातांनी खाली घेतलं, लेकीसमोर ठेवलं आणि गाठ सोडली.

आत पुस्तक नव्हतं! वरचा पुठ्ठा तेवढा होता. तो उचलला तसा खालून पिवळा भुगा घरंगळला, आणि त्यातून चंदेरी किडे सैरावैरा पळत सुटले. अच्युतरावांनी कापड उचलून झटकून पाहिलं.

"कसर लागली, दादा!" विश्रामनं धडाधड बाकीची पुस्तकं खाली काढली. एकेक उघडून पाहिलं. मग त्याचा चेहराच बदलला. "हे बघा! सगळी कीड या चिकटलेल्या पानांपासून सुरू झालीय. ही मैद्याची खळ आहे, आणि तीही बिनमोरचुदाची! त्या पुस्तकवाल्यानंच हा उद्योग केलाय. थांबा, आत्ता त्याची गचांडी धरतो!"

त्यानं पायात वहाणा घातल्यासुद्धा. अच्युतराव गप्प राहिले असते, तर कोणाला काही कळलं नसतं. पुस्तकवाल्यानं चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. क्षणभर तसं त्यांच्या मनात आलंही. पण समोर शालन बसली होती. तो भुगा ती ओंजळीनं गोळा करत होती, जणू त्यातून पुस्तक पुन्हा उभं करता येणार होतं.

"विश्राम, माघारी फीर," ते म्हणाले. "खळ माझी आहे."

विश्राम उंबऱ्यातच उभा राहिला. मनोरमाबाईंच्या हातातली सुई खाली पडली.

"अहो, म्हणजे आम्ही दर गुरुवारी डोकं खाजवत बसायचो," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात?"

अच्युतरावांनी मान खाली घातली. लाजेनं त्यांचे कान तापले होते.

शेवटी शालनच म्हणाली, "जाऊ दे, बाबा. तुम्हाला तर सगळं पाठ असेल. तुम्हीच सांगा ना त्या साधूची गोष्ट."

अच्युतरावांना थोडा धीर आला. त्यांनी डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. नदी सांगितली, होडी सांगितली, साधूचा स्वभाव सांगितला. पूर आला. होडीत एकाचीच जागा उरली. काठावर साधूचा सख्खा भाऊ उभा होता, आणि त्याच्या शेजारी एक अनोळखी म्हातारा. दोघंही 'मला घे, मला घे' म्हणून ओरडत होते. साधूनं हात पुढे केला...

अच्युतराव थांबले.

"पुढे?" शालननं विचारलं.

त्यांनी कपाळ चोळलं. वर छताकडे पाहिलं. किती वर्षांत त्यांनी ते पुस्तक उघडलंच नव्हतं! त्याला कुंकू लावलं होतं, नमस्कार केला होता. वाचलं मात्र नव्हतं.

"बाबा, सांगा ना. हात कोणाला दिला?"

"आठवत नाही गं," अच्युतराव म्हणाले. "आठवतच नाही मला!"

बापलेकींनी मिळून भुगा चिवडला. एक अख्खी ओळ सापडली नाही. दोन पानं नसली म्हणून काय बिघडतं, ते तेव्हा अच्युतरावांना कळलं.

दुसऱ्या दिवसापासून ते ओलं फडकं घेऊन उरलीसुरली पानं सोडवत बसले. मनोरमाबाईंच्या नायिकेचं लग्न लागलं. विश्रामला मेलेला माणूस सापडला. शालनचं भूत आत येऊन पाणी पिऊन गेलं. गुरुवारचा चहा पुन्हा सुरू झाला. तो साधू मात्र त्या घरात जन्मभर हात पुढे करून तसाच उभा राहिला.

तात्पर्य: काय वाचावं ते घरच्यांना खुशाल सांगावं, पण त्यांची पानं चोरून मिटू नयेत, कपाट सगळ्यांचं एकच असतं, आणि दुसऱ्याच्या पुस्तकाला आपण लावलेली कीड शेवटी आपल्या पुस्तकापर्यंत येतेच.