परका हात

"मग हा हात कोणाचा, भंतेजी?"

डॉक्टर निशांत रामटेकेने भंते धम्मतिलकांचा डावा हात उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

भंतेंनी तो नीट पाहिला.

"माझा नाही. कुणीतरी इथे ठेवून गेलंय."

मागे बसलेल्या उपासकांनी हात जोडले. "साधू, साधू, साधू!"

निशांतच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

महिन्यापूर्वी भंतेंच्या मेंदूत उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. तेव्हापासून डावा हात निपचित पडलेला. रोज व्यायाम दिला नाही, तर तो कायमचा आखडणार होता. पण देणार कोण? 'देह माझा नव्हे' असं जन्मभर शिकवणाऱ्या भंतेंना ते अखेर साधलं, असा वैनगंगेकाठच्या त्या गावात बोभाटा झाला होता. व्यायाम द्यायला आलेल्या बाईंना उपासकांनी विहाराच्या दारातूनच परत पाठवलं.

निशांत याच विहारात भंतेंच्या हाताखाली शिकला आणि पुढे नागपुरात मेंदूचा मोठा डॉक्टर झाला. त्याचा भंतेंवर फार जीव. आपल्या विद्येवर त्याहून थोडा जास्त.

"डॉक्टरसाहेब," म्हातारे देवाजी गजभिये म्हणाले, "भंतेजींचा मोहच सुटला आता. जेवनबी अर्धंच घेतात. अर्धं पात्र तसंच ठेवतात."

"कोणतं अर्धं?"

"म्हंजे?"

पात्र समोरच होतं. उजवीकडचा भात संपलेला. डावीकडचा भात, वरण, भोपळ्याची भाजी जशीच्या तशी, मधे कुणी बांध घातल्यासारखी.

निशांतने काही न बोलता पात्र फिरवलं.

"अरे, अजून आहे की!" भंते खूश होऊन जेवू लागले. बारानंतर ते काही खात नसत, पण बारा वाजायला अजून वेळ होता.

गजभियांचं तोंड उतरलं.

"त्यांच्या मेंदूला डावी बाजू कळतच नाही," निशांत म्हणाला. "हे वैराग्य नाही. आजार आहे."

आपण जरा जास्तच बोललो, असं त्याला वाटलं. भंतेंनी शेवटचा घास संपवला.

"निशांत खरं सांगतोय, देवाजी. एका गुठळीने हे साधलं असतं, तर बुद्धांनी गुठळ्याच वाटल्या असत्या." ते मनापासून हसले. "साधू म्हणायचंच असेल, तर याच्या विद्येला म्हणा. पात्र फिरवलं आणि माझं जेवण मला दिलं."

निशांतची छाती फुगली.

"मग आता मान्य करा, भंतेजी. हा खांदा कोणाचा?"

"माझा."

"हा दंड?"

"माझा."

"हे कोपर?"

"...असेल."

"आणि ही बोटं?"

"ती नाहीत."

"पण ती त्याच हाताची आहेत!"

"डोळ्यांना पटतंय, बाळा. आत पटत नाही."

निशांतने पुन्हा खांद्यापासून सुरुवात केली. पुन्हा बोटांशीच अडला. त्याची सगळी विद्या त्या पाच बोटांपाशी संपत होती.

"भंतेजी, याला आपला म्हणाल तरच याची काळजी घ्याल. नाहीतर तो वाळून जाईल."

"मला तो माझा कधी वाटेल?" भंतेंनी विचारलं.

एवढी पुस्तकं वाचलेला निशांत खाली मान घालून म्हणाला, "माहीत नाही. कदाचित... कधीच नाही."

भंतेंनी कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्याला शिकवलं, पण असं पाहिलं नव्हतं.

"व्यायाम कसा करायचा, ते दाखव."

निशांतने तो हात भंतेंच्या उजव्या मांडीवर ठेवला. एकेक बोट उघडून दाखवलं. मनगट हळूच सरळ केलं.

भंते मन लावून बघत होते. मग त्यांनी उजव्या हाताने ती मिटलेली मूठ उचलली, शेजारणीचं झोपलेलं मूल उचलावं तशी, आणि करंगळी हलकेच उघडली.

"पण भंतेजी," गजभियांना राहवेना, "तुमीच म्हंता ना, तुमचा नाई म्हून?"

"नाहीच."

"मंग?"

दुसरं बोट उघडत भंते म्हणाले,

"माझा असता, तर एखाद्या दिवशी टाळलंही असतं. दुसऱ्याचा आहे... नीट ठेवावा लागेल."