अळणी तीन दिवस

एकदा एका मठात एक मनुष्य निघण्याच्या तयारीला लागला आणि चार वर्षे नुसती तयारीच करीत राहिला. त्याचे नाव केरोबा. नऊ वर्षांपूर्वी साथीत त्याची बायकामुले गेली, पाठोपाठ त्याचे भान गेले, आणि कोणीतरी त्याला नदीकाठच्या या मठात आणून सोडले. असे मोडलेले तीसेक जीव तिथे एका वृद्ध गुरूंच्या आधाराने राहत. या गुरूंना सारे आप्पा म्हणत.

केरोबाचे भान परतले तेव्हा आप्पा म्हणाले, "आता स्वतःच्या खोलीत राहायचं. पण आधी शिकायचं." केरोबा शिकला. भाकरी थापायला, धुणे पिळायला, अंथरूण वेळेवर सोडायला, वैद्याचा काढा न चुकता घ्यायला. एक शिकून झाले की आप्पा दुसरे काढत. त्यांचेही कारण होते. पूर्वी म्हादू नावाचा एक जण असाच बाहेर गेला होता आणि महिन्याभरात उपाशी, अर्धमेला होऊन परत आला होता. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. आप्पा तर पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागले होते.

यंदा गावातल्या एका कासाराने घरामागची खोली देऊ केली. "पौर्णिमेपर्यंत थांबतो," तो म्हणाला, "मग दुसऱ्याला देईन." पौर्णिमेला आठ दिवस होते. आप्पांनी केरोबाच्या हाती मठाचे स्वयंपाकघर सोपवले आणि म्हणाले, "हे शेवटचं." शेवटचं हा शब्द केरोबाने यापूर्वी तीनदा ऐकला होता. तो चुलीपाशी जाऊन बसला.

दुसऱ्याच दिवशी मिठाची बरणी खरवडून झाली. केरोबाने ती झटकली, नेहमीच्या जागी फळीवर ठेवली आणि सकाळी उघडली. रिकामीच होती. त्याला नवल वाटले. आमटी त्याने तशीच उकळली आणि तशीच वाढली.

पंगतीत एका म्हाताऱ्या बाईंनी पहिल्याच घासाला तोंड वाकडे केले. "अगं बाई, मीठ कुठंय यात?" आप्पांनी हातानेच त्यांना गप्प केले आणि ती अळणी आमटी निमूटपणे भुरकली. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिले. आप्पांपुढे कोणी ब्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर लोक आमटी बाजूला सारून भात कोरडाच गिळू लागले. केरोबा रोज बरणी उघडी, पुन्हा झाकी आणि मनात म्हणे, भरणारा विसरला असेल. कोठीची किल्ली तिथेच, हाताच्या अंतरावर, खुंटीला लटकत होती. नऊ वर्षांत त्याने तिला स्पर्श केला नव्हता. तिच्याशी आपला काही संबंध आहे हे त्याच्या गावीही नव्हते.

पंगत उठल्यावर तो आप्पांसमोर उभा राहिला. "आप्पा, मीठ संपलंय."

"तीन दिवस झाले," आप्पा म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं? मग कोणी भरलं का नाही?"

"रोज कोण भरतं?"

केरोबा गोंधळला. "बरणी भरलेलीच असते," तो म्हणाला. आपलेच उत्तर ऐकून त्याला लाज वाटली, आणि लाजेमागून राग आला. "म्हणजे याही वेळी नाहीच ना? एकदा सांगून टाका. चार वर्षं झाली, आप्पा. शिकून शिकून थकलो मी. खोली गेली तर जाऊ द्या, पण आता आणखी काही शिकवू नका."

"बस," आप्पा म्हणाले. "मीही थकलोय."

केरोबा बसला.

"ती बरणी मी भरायचो. संध्याकाळी तुम्ही आरतीला बसलात की मी कोठीत जायचो. मीठ, पीठ, तेल, सरपण, काही म्हणून तळाला जाऊ दिलं नाही. वाटायचं, आधीच होरपळलेली माणसं ही, यांना आणखी रिकामं काही दिसू नये. तो म्हादू, त्याचा पिठाचा डबा रिकामा झाला तेव्हा झाकण लावून तीन दिवस वाट बघत बसला होता. लोक त्याला आळशी म्हणाले. मीसुद्धा म्हणालो. आळशी नव्हता रे तो. भाकरी थापायला मी त्याला शिकवलं होतं. पीठ संपतं, हे मात्र कधी कळूच दिलं नव्हतं. हे उमगायला मला इतकी वर्षं लागली."

"म्हणजे मी नापासच."

"परीक्षा माझी होती. तीन दिवस नुसते हात शिवशिवत होते माझे. पंगतीत तुझा चेहरा बघून दोनदा उठलो होतो किल्ली घ्यायला."

केरोबाचा राग ओसरला. तो उठला, खुंटीवरची किल्ली काढली आणि कोठीत गेला. परत यायला त्याला जरा वेळच लागला. मीठ भरून आला आणि म्हणाला, "तेलही आठवडाभरच पुरेल."

आप्पांनी डोळे मिटून मान हलवली. "पौर्णिमेला जा."

"आणि तिथं विसरलो तर?"

"विसरशील. एक दिवस अळणी खाशील. अळणी खाऊन कोणी मरत नाही, केरोबा. वाट बघत बसल्यानं मरतो."

कासाराच्या खोलीत राहायला येऊन केरोबाला दहा दिवस झाले होते. दुपारचे ऊन रणरणत होते, अंग ठणकत होते, आणि कोपऱ्यात दोन दिवसांपुरतेच सरपण उरले होते. तो भिंतीला पाठ टेकून बराच वेळ त्या काटक्यांकडे बघत राहिला. कोणी येणार नाही हे आता त्याला माहीत होते, आणि त्याचे त्याला वाईटही वाटले. मग तो उठला, दोरी खांद्यावर टाकली आणि दाराला कडी घालून बाहेर पडला.