ट्रॅक्टरचा नारळ

“...आणि तिचा पायगुणच तसा असला, तर काय करायचं, आप्पा?”

मी मठाच्या मागच्या नळावर पाय धूत होते. नळ बंद केला. पाणी थांबलं की भिंतीपलीकडचं जास्त स्पष्ट ऐकू येतं.

आवाज माझ्या सासूबाईंचा होता. ‘तिचा’ म्हणजे माझा.

“लग्नाचा चुडा टिकत नाही हो तिच्या हातात. कासाराकडं किती खेपा घालायच्या? आणि ज्या दिवशी हिच्या बांगड्या जातात, नेमका त्याच दिवशी आमचा धैर्यशील मरता मरता वाचतो. आत्ता ती आली तशी बघितलं मी, दोन कमी आहेत. म्हणजे आजही काहीतरी झालंच असणार.”

सासूबाईंचा आवाज खाली आला.

“थोडे दिवस माहेरी पाठवू का तिला? दोष असला तर निघून तरी जाईल...”

“बघू,” आप्पा म्हणाले.

आमच्याकडं बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. त्या हिशेबानं लग्नापासून माझं सगळं फार जोरात वाढत होतं.

मी पाय पुसले आणि आताच आल्यासारखी पुढं जाऊन खांबापाशी बसले.

आप्पा वाती वळत होते. गावाबाहेरच्या या मठात ते एकटेच असतात. प्रवचन करत नाहीत, अंगारा देत नाहीत. लोक येतात, बोलतात, जातात. आप्पांच्या वाती तेवढ्या वाढतात.

आई, म्हणजे सासूबाई, रिक्षानं पुढं आल्या होत्या. आम्ही दोघं स्कूटरवरून मागनं. स्कूटर फाटकाशी लावून हे आत आले ते नारळ घेऊनच.

“आप्पा, फोडायचाय.”

“आज कशाचा?”

“ट्रॅक्टरचा.”

“मागचा?”

“मागचा म्हशीचा होता. त्याच्या आधीचा एसटीचा.”

रस्त्यात जीव वाचला की हे मठात नारळ फोडतात. अलीकडं मठात कधीही जा, खोबऱ्याची वडी मिळते.

“झालं काय, उसाचा ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या. लाल दिवा नाही, काही नाही. पठ्ठ्यानं मध्येच थांबवला! मी साठच्या वर. दुसरा कुणी असता तर उसातच घुसला असता. मी दोन्ही ब्रेक एकदम... असे! एवढं अंतर राहिलं.”

ह्यांनी वीतभर हात दाखवला. वाटेत चहाच्या टपरीवर सांगताना ते हातभर होतं.

आईंनी माझ्याकडं बघितलं. मग आप्पांकडं. बघा, मी म्हटलं नव्हतं?

“हात बसलाय आता ब्रेकवर,” हे म्हणाले.

“रोज लागतो असा?”

“रोज कुणीतरी कडमडतंच की आडवं.”

आप्पांनी एक वात संपवून दुसरी घेतली.

“मागं कोण होतं?”

“ही होती की.”

“तिनं काय केलं?”

हे गोंधळले. “मागं बसून काय करणार, आप्पा? बसली होती.”

मी काय केलं ते मला माहीत होतं. सीटमागची दांडी पकडली होती. ब्रेक लागला तसा मनगटाला हिसका बसला, बांगड्या दांडीवर आपटल्या आणि दोन गेल्या. ह्यांनी ट्रॅक्टरवाल्याला शिवी दिली. मला काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. मी नवीन. शिवाय ब्रेकचं कौतुक चालू असताना मध्ये बोलायला फारशी जागा नसते.

आप्पा उठले. वाती तशाच ठेवून फाटकाकडं चालू लागले. आम्ही तिघं मागोमाग.

ते स्कूटरच्या मागच्या बाजूला वाकले.

“टायर नवीन आहे, आप्पा,” हे म्हणाले. “ब्रेकची तारपण...”

आप्पांनी टायर बघितलाच नाही. सीट आणि दांडीच्या फटीत नख घातलं, काहीतरी उकरून काढलं. आणखी थोडं काढलं. धोतराच्या सोग्यानं पुसलं, ह्यांच्या तळहातावर ठेवलं आणि ह्यांची मूठ मिटली.

“प्रसाद.”

ह्यांनी मूठ उघडली.

हिरवी काच. काही तुकडे आजचे चकचकीत. काही जुने, धुळीनं काळवंडलेले.



आईंनी वाकून तळहात बघितला. मग माझे हात बघितले. मी ते पदराआड घेतले, चोरी माझीच असल्यासारखे.

“मग काय आप्पा, ब्रेक मारायचाच नाही का?” ह्यांचा आवाज जरा चढला होता.

आप्पांनी ह्यांच्या दुसऱ्या हातातल्या नारळाकडं बोट दाखवलं.

“घरी ने. वाचलास म्हणून आणू नकोस. ज्या दिवशी सांगण्यासारखं काही घडणार नाही, त्या दिवशी आण.”

“त्या दिवशी कशाचा नारळ?”

आप्पा हसले फक्त. मग माझ्याकडं वळले.

“पोरी, गाडी चालवता येते?”

“येते.”

हे आणि आई, दोघांनीही एकदम माझ्याकडं बघितलं. माहेरी मी कॉलेजला स्कूटरवरूनच जात होते. इथं कुणी विचारलं नव्हतं.

“किल्ली दे तिला,” आप्पा म्हणाले आणि वातींकडं परत गेले.

ह्यांनी किल्ली दिली. थोडा वेळ थांबून हेल्मेटही दिलं. मी पदर खोचला, पट्टा आवळला, गाडी वळवून घेतली.

हे मागं बसले. एका हातात नारळ. दुसरा हात आधी माझ्या खांद्याकडं आला, आई समोर उभ्या आहेत हे बघून परत गेला, मग मांडीवर, मग हवेत.

“अगं, जरा हळू...” आई म्हणाल्या. माझ्या मनगटाकडं त्यांची नजर गेली आणि वाक्य तिथंच राहिलं.

“धरू कुठं?” ह्यांनी हळूच विचारलं.

“मागच्या दांडीला धरा,” मी म्हणाले. आईंनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “जपून. अजून काच असेल तिथं.”