गाडीताई आणि विमान

फार पूर्वी, विमानं नुकतीच माणसं नेऊ लागली तेव्हा, एक छोटं विमान ढगांतून तरंगत चाललं होतं. आत द्वारकाबाई सुईण बसल्या होत्या. दूरगावी त्यांच्या लेकीचे दिवस भरले होते. सांज उतरली आणि खालची जमीन निळसर धुक्यात विरघळली. अंधारात विमानाला वाट दिसत नसे. एरवी ते आगगाडीला 'सरपटी' म्हणून हिणवायचं. आज ओशाळून रुळांशेजारच्या माळावर उतरलं.

"गाडीताई, मला पुढचं दिसत नाही. बाईंना पोचवाल?"

"दिवसभराची वाट तू कापलीस, आता मी नेते. बसा बाई," गाडी म्हणाली.

सकाळी ती शिट्टी वाजवत परतली. "मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत."

"वेळेवर कुणी पोचवलं म्हणून सांगितलं बाईंनी?" विमानाने हळूच विचारलं.

"कुणी विचारलंच नाही रे. सगळे बाळाकडेच बघत होते."