तांब्याची कमान

राणोजी तांबटाने राजाच्या देवळात तांब्याची कमान बसवली, पायाशी जाड आणि माथ्याशी बारीक. दिवाणांनी आळ घेतला, "दिलेल्या चार मणांतलं निम्मं तांबं यानं लाटलं." राणोजी कोठडीत गेला.

त्याची बायको सगुणा राजाला म्हणाली, "कमान न उतरवता वजन सांगते."

तिने वळणावरून दोरा फिरवून बोटाबोटावर खुणा केल्या. प्रत्येक खुणेला कमान जेवढी जाड, तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सळीचा बोटभर तुकडा तोलला. बेरीज चार मणांना पावशेरच कमी भरली.

दिवाण हसले, "तुकडे सरळ, कमान वाकडी!"

"बोटभरच पाहिलं, तर वाकडी कमानही सरळ दिसते, दिवाणसाहेब. माझ्या धन्याकडेही तसंच जवळून पाहायचं होतंत."

राजाने राणोजीला सोडलं. तेव्हा कुठे सगुणा पायरीवर टेकली.