तळ्याच्या नावाची पेटी

भुजंगराव कोतवालांनी तुळसाक्काच्या तमाशाच्या फडाचे दोन्ही बैल कोंडवाड्यात घातले आणि वर तिलाच वाड्यावर बोलावून घेतलं. नगरप्रमुख यंदा प्रथमच रयतेच्या मतांनी ठरणार होता, तसा राजाचा हुकूमच होता. रावांना निवडून यायचं होतं, पण खर्च स्वतःच्या खिशातून करायचा नव्हता. तुळसाक्काच्या लावणीला जेवढी गर्दी होई, तेवढी रावांच्या भाषणाला सात जन्मांत झाली नसती.

"परवा माझ्यासाठी गायचं," राव म्हणाले. "तळ्याचा गाळ काढायला मदत, अशी दवंडी पिटलीय. शेठ लोकांनी माझी पेटी काठोकाठ भरली पाहिजे. माझं नाव शिवेपर्यंत गाजलं पाहिजे. आणि भुजंगरावानं एक पैसा घेतला, असं कुणाला म्हणता येऊ नये. यातलं एक जरी हुकलं, तर बैल विसर."

"घ्यायचं बी आन् घेतलं न्हाई असं बी दिसायचं? राव, ही कला तुमच्या घराण्यातली. आमी साधी गाणारी मानसं."

"तोंड चालवू नकोस."

"तेच चालवून पोट भरतो आमी."

जत्रांचा हंगाम तोंडावर आला होता. बैल नसतील तर फड जागचा हलणार नव्हता आणि फडातली पोरंबाळं उपाशी राहिली असती. तुळसाक्कानं पदर खोचला. मग म्हणाली, "करते. पर राजाला बोलवा."

"बोलावलाय. राजा समोर असला की शेठजींचे हात सैल सुटतात."

गाण्याच्या दिवशी माळ माणसांनी भरून गेला. तुळसाक्का अशी गायली, की रावांच्या नावानं नाक मुरडणारेही डोलू लागले. जकात नाक्यावर डोळा असलेला केशवशेठ थैली घेऊन उठला. पुलाचं काम हवं असलेला ठेकेदार उठला. सगळ्यांनाच एकाएकी तळ्याचा फार कळवळा आला होता! पेटीत थैली टाकताना जो तो रावांकडे बघून हसे, आणि राव निर्लज्जपणे लाजत.

पेटी भरली. तुळसाक्कानं ढोलकी थांबवली. दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकांनी दिलेला पैसा, कुणी कशासाठी दिला ते मंचावरून पुकारायचं, हा फडाचा रिवाज. एकदा पुकारलेली दौलत कुणी परत घेत नाही. घेतली तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

"ऐका हो! भुजंगराव कोतवालांनी ही भरली पेटी तळ्याला दिली! पेटी आत्ताच सरकारांच्या हवाली!"

ढोलकी कडाडली. लोक रावांच्या नावाचा जयघोष करू लागले. खुद्द राजानं टाळ्या वाजवल्या. राव उठले, पुन्हा बसले.

केशवशेठला मात्र राहवेना. "अहो राव, मग आमच्या नाक्याचं काय?"

राजाच्या टाळ्या थांबल्या. "कसला नाका?"

तुळसाक्कानं हात जोडले.

"सरकार, रावांनी मला तीन कामं सांगितली व्हती. पेटी भरली, नाव गाजलं. आन् आता रावांनी एक पैसा घेतला असं कुनी म्हनून दावावं! माजे बैल तेवढे सोडाया सांगा."

राजा हसत सुटला, इतका की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय भुजंगराव, काही तक्रार?"

रावांनी नाही म्हणून मान हलवली. बिचारे दुसरं काय करणार?

राजानं बैल सोडवले, हातातलं सोन्याचं कडं काढून तुळसाक्काला दिलं आणि विचारलं, "आणखी काही?"

"रावांना येवढंच सांगा सरकार, म्होरल्या बारीला मतं मागाया सोता गावं. किती मानसं थांबत्यात ते तरी कळंल."